आधी थांबणं, मग चालणं, शेवटी शोभणं: जुन्या जीपने मला शिकवलेला धंदा



मागच्या व्हिडिओत माझ्या पाठीमागे उभी असलेली हिरवी जीप बऱ्याच जणांच्या नजरेत भरली. व्हिडिओ होता उधारी वसुलीवर आणि कमेंटमध्ये चर्चा जीपची! "सर, किती खर्च आला?" "सर, मीपण जुनी फोर बाय फोर घेऊन बनवायचं म्हणतोय, घेऊ का?" एकाने तर सरळच विचारलं, "वहिनी हो कशा म्हणाल्या?"

तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो. पण नुसता खर्चाचा आकडा सांगून भागणार नाही. या जीपच्या नादात मी दुकानाचा एक सीझन घालवलाय आणि एकदा घरच्या सगळ्यांचा जीव धोक्यात घातलाय. त्यामुळे जीप घ्यायची असो वा नसो, ज्याला धंदा सुरू करायचाय त्याने हे शेवटपर्यंत वाचा.

आधी देवराष्ट्र्याची गोष्ट

माझ्या जीपच्या आधी एका भारी माणसाच्या जीपबद्दल बोलू.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे नावाचं गाव आहे. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. डिसेंबर २०२१ मध्ये हे गाव पुन्हा देशभर गाजलं, ते दत्तात्रय लोहार यांच्यामुळे. फॅब्रिकेशनचं छोटं काम करणारा हा माणूस. शिक्षण जेमतेम. मुलाला गाडीची हौस होती आणि नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. मग त्यांनी भंगारातले जुन्या गाड्यांचे आणि दुचाकींचे भाग जमवून स्वतःच एक छोटी जीप बनवली. समोरून बघाल तर जुन्या विलीज जीपची आठवण येते, पण सुरू होते दुचाकीसारखी किक मारून! खर्च आला साधारण ६० हजार रुपये.

या गाडीचा व्हिडिओ फिरत फिरत आनंद महिंद्रांपर्यंत गेला. त्यांनी तो ट्विटरवर टाकला. ही गाडी नियमांत बसत नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितलं, पण कमी साधनांत एवढं करून दाखवल्याचं मनापासून कौतुकही केलं. या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देतो, असंही जाहीर केलं. त्या वेळच्या बातम्यांनुसार घरच्यांचा पाय आधी अडला. घरात आलेली ही पहिली गाडी, म्हणजे लक्ष्मी, ती द्यायची कशी? शेवटी जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो दारात आली आणि हातानं बनवलेली जीप कंपनीकडे गेली.

आमच्या बॅचमध्ये ही गोष्ट सांगितली की पोरं म्हणतात, "सर, नशीब!" नशीब तर आहेच. प्रत्येकाच्या दारात काही बोलेरो येत नाही. पण बोलेरो येण्याच्या आधीचा भाग नीट बघा. लोहारांना वेल्डिंग येत होतं, लोखंड कापणं-वाकवणं येत होतं. म्हणजे सगळ्यात महाग गोष्ट, मजुरी, त्यांच्या हातात होती. माल भंगारातला. आणि गाडी कुणासाठी करायची हे पहिल्या दिवसापासून पक्कं होतं, घरच्यांसाठी. हौस होती, पण ती हातातल्या कौशल्याच्या आणि खिशाच्या आत होती.

एकच बाजू कच्ची होती, कायद्याची. तिच्यावर पुढे बोलूच.

माझी जीप, माझी चूक

आता माझं ऐका. मला वेल्डिंग येत नाही. बीबीए केलंय, पाइप-फिटिंग आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. म्हणजे लोहारांकडे जे होतं ते माझ्याकडे काहीच नव्हतं. होती ती फक्त हौस.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात लहानपणापासून जीप बघतच आपण मोठे झालोय. तुळजापूरच्या यात्रेला जाताना कमांडरला मागे लटकलेली माणसं आठवत असतील. महिंद्रांनी १९४७ च्या सुमारास विलीजचे सुटे भाग आणून मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली, आणि त्याच घराण्यातल्या गाड्या पुढं खेड्यापाड्यांत पोचल्या. माझ्या काकांकडेही एक होती, एमएच-२५ पासिंगची जुनी एमएम ५४०. डिझेल, फोर बाय फोर. काकांचं वय झालं, गाडी आखाड्यावर लिंबाखाली उभी राहिली. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची. नोंदणीचं नूतनीकरण मात्र काकांनी वेळेवर केलेलं होतं. घरातलाच व्यवहार, मी घेतली.

पावसाळ्यात काळ्या रानात साधी कार जात नाही, पाणंद रस्त्यावर चाकं रुततात. साइटवर मोजमापाला जायला जीप उपयोगी पडेल, असं मी घरी सांगितलं. खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. मला ती रुबाबासाठी हवी होती.

मग काय केलं? आधी रुंद टायर आणि रिम. ५२ हजार. पुढं एलईडीची पट्टी, म्युझिक सिस्टिम, नवीन सीट कव्हर. आणखी २० हजार. असे ७० हजारांच्या वर गेले, आणि ते आले कुठून? दुकानाच्या गल्ल्यातून. "पुढच्या महिन्यात भरतो" म्हणत.

आमच्या धंद्यात मे महिना म्हणजे वर्षाचा कणा. पेरणीच्या आधी शेतकरी पाइप, फिटिंग, ठिबकच्या नळ्या नेतो. त्या वर्षी मे महिन्यात होलसेलवाल्याला ॲडव्हान्स द्यायला माझ्याकडे पैसे कमी पडले. माल अर्धाच आला. तीन इंची पाइप संपला की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात. आणि एक गिऱ्हाईक गेलं की एकटं जात नाही. त्याच्या मागे त्याचा भाऊ जातो, मेहुणा जातो, बांधावरचा शेजारी जातो. ती गिऱ्हाइकं परत आणायला मला दोन वर्षं लागली.

हा झाला पैशाचा फटका. जिवावरचं प्रकरण त्यानंतर घडलं.

घाटातला तो उतार

श्रावणातला रविवार. आई, बायको, दोन्ही मुलं, सगळे जीपमधून तुळजापूरला गेलो. देवीचं दर्शन झालं, सगळे खूश. मुलांना जीपचा वारा आवडलेला. घाटाच्या उतारावर गाडी लागली. मी आपला टॉपमध्येच, अधूनमधून ब्रेकवर पाय. तिसऱ्या की चौथ्या वळणानंतर पाय दाबला तर पॅडल मऊ लागलं. पुन्हा दाबला, खाली गेलं. पुन्हा दाबला, पार तळाला.

त्या वेळी डोक्यात काय आलं ते सांगता येणार नाही. हात आपोआप गिअरवर गेला. तिसरा, मग दुसरा टाकला, इंजिन ओरडायला लागलं. पॅडल भराभर पंप केलं, हँडब्रेक ओढला आणि डाव्या बाजूची चाकं डोंगराकडच्या नालीत घातली. गाडी घासत घासत थांबली. मागे आई "आई राजा उदो उदो" म्हणत होती. धाकटा रडत होता. बायको काहीच बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

कुणाला खरचटलंही नाही. पण ७० हजारांचे टायर, लाइट आणि गाणी असलेली माझी गाडी थांबत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी चाकं खोलली. मागच्या एका चाकाचा व्हील सिलिंडर गळत होता, लायनर संपले होते. ब्रेक ऑइल कधी बदललं होतं हे कुणालाच माहीत नाही. मिस्त्रींनी समजावून सांगितलं ते तुम्हीही लक्षात ठेवा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. ते वर्षानुवर्षं बदललं नाही की त्यात पाणी वाढतं. उतारावर सारखा ब्रेक दाबला की ड्रम तापतात, ती उष्णता ऑइलपर्यंत जाते आणि पाण्याची वाफ होते. तेल दाबलं जात नाही, म्हणून ते चाकापर्यंत जोर पोचवतं. वाफ दाबली जाते, म्हणून पॅडल खाली जातं आणि चाक फिरतच राहतं. त्यात माझे मोठे, जड टायर. चाक जेवढं मोठं आणि जड, तेवढा ब्रेकवर ताण जास्त. म्हणजे शोभेसाठी जे घातलं, त्यानंच थांबणं आणखी अवघड केलं.

चारही व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, होस पाइप, लायनर, नवीन ऑइल आणि मजुरी. सगळं मिळून दहा हजारांच्या आत!

रात्री जेवण झाल्यावर बायको पहिल्यांदा बोलली. "अहो, दुकानात माल भरताना तुम्ही आधी काय खपतंय ते बघता ना? गाडीला आधी काय लागतंय ते का नाही बघितलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एक वही घेतली.

वहीतले तीन रकाने

त्या वहीत तीन रकाने पाडले. आज आमच्या प्रत्येक बॅचला हेच तीन रकाने मी शिकवतो.

पहिला रकाना, थांबणं. ज्याच्यावाचून जीव किंवा गाडी जाऊ शकते, ते सगळं. ब्रेक, स्टिअरिंगचा खेळ, टाय रॉडचे जोड, टायरची अवस्था, सीट बेल्ट, लाइट आणि इंडिकेटर, वायरिंग, इन्शुरन्स, नोंदणी. जुन्या गाडीत जळकी, उघडी वायर ही आगीची काडी असते, म्हणून वायरिंग इथंच येतं.

दुसरा रकाना, चालणं. गाडी रोज बिनतक्रार चालावी यासाठी लागतं ते. रेडिएटर, होस, पंखा, क्लच, पाटे, ऑइल-फिल्टर, बॅटरी, गिअरबॉक्सचं आणि पुढच्या-मागच्या एक्सलचं तेल.

तिसरा रकाना, शोभणं. रंग, रिम, म्युझिक, हूड, जादा लाइट.

नियम एकच. पहिला रकाना पूर्ण खोडल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही, आणि दुसरा खोडल्याशिवाय तिसऱ्यावर एक रुपया नाही.

आता हेच तुमच्या धंद्याला लावून बघा. थांबणं म्हणजे काय? ज्याने दुकानाचं शटर एका दिवसात खाली येऊ शकतं, ते. शॉप ॲक्ट, खाण्याचा धंदा असेल तर एफएसएसएआयची नोंदणी, गाळ्याचा करार, कर्जाचा हप्ता, आगीचा विमा. चालणं म्हणजे माल, खेळतं भांडवल, कामाला येणारा भरवशाचा माणूस. शोभणं म्हणजे बोर्ड, काचेचं काउंटर, एसी, लाइटिंग. आमच्याकडे येणारे दहातले सात जण बोर्डाच्या डिझाइनपासून सुरुवात करतात. मीपण तसाच होतो, म्हणून हसत नाही. फक्त वही पुढे करतो.

कायदा काय म्हणतो

इथं बरेच जण फसतात, म्हणून नीट वाचा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवर जे तपशील आहेत आणि कंपनीने मुळात जे दिले, त्यांच्याशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ आलं. नियमात न बसणारा बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढं लावतात ते जाड लोखंडी बुल बार तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बेकायदा ठरवून राज्यांना कारवाई करायला सांगितलं.

मग करता काय येतं? झिजलेला भाग बदलून तसाच नवा भाग टाकणं, म्हणजे दुरुस्ती, ती कितीही करा. रंग बदलायचा असेल तर आरसीवर त्याची नोंद करून घ्या. इंजिन बदलायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी, मग काम. सीटची संख्या आरसीवर आहे तेवढीच. बदल लपवला आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवालाही हात वर करू शकतो.

अजून एक प्रश्न नेहमी येतो. "सर, दहा वर्षांपुढची डिझेल गाडी चालते का?" तो दहा वर्षांचा वाद दिल्ली परिसरातला आहे. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते. नंतर गाडी आरटीओत दाखवून, पर्यावरण कर भरून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं. जुनी जीप घेताना इंजिनचा आवाज ऐकायच्या आधी आरसी हातात घ्या. चेसी नंबर गाडीवर जाऊन ताडून बघा. कागद नसलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी ती भंगाराच्याच भावाची.

आणि पांढऱ्या पाटीच्या जीपने भाडं मारायचा विचार डोक्यात असेल तर तो आत्ताच काढा. प्रवासी भाड्याने न्यायचे तर गाडी त्या वापरासाठी नोंदलेली आणि परमिटची लागते.

म्हणून मी रुंद टायर विकले. अर्ध्या किमतीत गेले. कंपनीच्या मापाचे टायर पुन्हा घातले. एलईडीची पट्टीही काढली. ते नुकसान वहीत लाल पेनने लिहिलंय, अधूनमधून बघायला.

रविवारचे दोन तास

यापुढे जीपचं काम बंद, असं घरचे म्हणाले असते तर मी मानलं असतं. पण बायकोनेच अटी घातल्या आणि परवानगी दिली. पहिली अट, दुकानाच्या गल्ल्याला हात नाही. घरखर्च आणि मुलांची फी बाजूला काढल्यावर महिन्याला तीन हजार एका पाकिटात. पाकीट तिच्याकडे. पैसे संपले की काम थांबलं, पुढच्या महिन्यापर्यंत. दुसरी अट, काम फक्त रविवारी सकाळी सात ते नऊ. तिसरी अट, मुलं बरोबर.

तिसरी अट सगळ्यात कामाची निघाली. मुलीचं अक्षर चांगलं आहे. खोललेला प्रत्येक नट-बोल्ट ती स्टीलच्या डब्यात ठेवते आणि डब्यावर चिठ्ठी लावते, "डावं मागचं चाक, सहा नट". खोलायच्या आधी मोबाइलवर फोटो. मिस्त्रीसुद्धा म्हणाले, असं माझ्या गॅरेजमध्ये कुणी करत नाही. धाकट्याकडे घासकागद. ब्रेक आणि स्टिअरिंगचं काम मात्र मी स्वतः करत नाही. ते मिस्त्रींकडेच. आपल्याला काय येत नाही हे कळणं हेही भांडवलच आहे.

जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी जायचं नाही, हा घरचा कडक नियम. आधी लोखंडी स्टँड, चाकाला दगड, मगच हात.

पहिला रकाना पूर्ण व्हायला पाच महिने लागले. दुसरा वर्षभर चालला. तिसऱ्या रकान्यावर आलो तेव्हा मी रिमचा विषय काढला. आई म्हणाली, "मला आधी चढता येईल असं काहीतरी कर." जीप उंच, आईचे गुडघे दुखतात. म्हणून माझ्या जीपमधलं पहिलं "मॉडिफिकेशन" म्हणजे एक पायरी आणि धरायला एक दांडा. बाहेर न येणारी, आटोपशीर. दुसरं म्हणजे सगळ्यांना सीट बेल्ट. चौदा वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय बसवलं तर चालवणाऱ्याला एक हजार दंड आहे, पण मी तो घाट बघितलाय, मला दंडाची भीती दाखवायची गरज नाही. तिसरं, धूळ आत येऊ नये म्हणून चेन लावलेल्या खिडक्यांचं ताडपत्रीचं हूड. रंग सगळ्यात शेवटी. हिरवा मुलीने निवडला, आरसीवर नोंद केली.

आता पावसाळ्यात रानात जाताना फोर बाय फोरचा लिव्हर टाकतो. डांबरीवर आलो की काढतो, कारण कोरड्या रस्त्यावर तो लावून ठेवला तर वळताना पुढच्या-मागच्या एक्सलवर ताण येतो. आणि एक लक्षात घ्या, फोर बाय फोर चिखलातून बाहेर काढतं, उतारावर ब्रेकचं काम करत नाही. उतारावर गाडी ज्या गिअरमध्ये चढते, त्याच गिअरमध्ये उतरवायची.

यात धंदा कुठं आहे?

तुम्ही विचाराल म्हणून सांगतो. माझ्या जीपवर वर्षभरात किती हात लागले ते वहीत आहे. ब्रेकचे मिस्त्री, पाटे बनवणारे, रेडिएटरवाले, वायरिंगवाले, कुशन आणि हूड शिवणारे, डेंटिंग-पेंटिंगवाले, कागदपत्रांचं काम करणारे. यातल्या हूड शिवणाऱ्याकडे मला तीन आठवडे थांबावं लागलं, कारण असं काम चांगलं करणारी माणसं कमी आहेत. वायरिंगवाल्याचंही तेच. जिथं गिऱ्हाईक नंबर लावून थांबतं, तिथं धंदा आहे. अख्खं गॅरेज टाकायची गरज नाही. एक काम निवडा, ते असं करा की तालुक्यात तुमचंच नाव घेतील. दत्तात्रय लोहारांनी हातात जे होतं त्यापासून सुरुवात केली. तुमच्या हातात काय आहे?

आजचा गृहपाठ

वहीचं एक पान घ्या. थांबणं, चालणं, शोभणं, असे तीन रकाने पाडा. तुमचा सुरू असलेला किंवा सुरू करायचा धंदा त्यात मांडा. आत्तापर्यंत केलेला खर्च कुठल्या रकान्यात गेला, ते प्रामाणिकपणे लिहा. पहिल्या रकान्यात एक जरी ओळ खोडायची राहिली असेल, तर या आठवड्यात तेवढंच करा. पानाचा फोटो बॅचच्या ग्रुपवर टाका, पुढच्या व्हिडिओत त्यातली काही पानं आपण सोडवू.

आणि त्या कमेंटवाल्या मित्रा, वहिनी हो कशा म्हणाल्या ते आता तुला कळलं असेल. पाकीट त्यांच्याकडे आहे.